गुलाबभाऊंनी दाबलेली ओली चकती

गुलाबभाऊ थूल बारावीला रसायनशास्त्रात नापास झाले. पुढची सव्वीस वर्षं त्याच विषयाने त्यांचं घर चालवलं. वर्ध्याच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेचे परिचर आहेत, आणि इन्फ्रारेड यंत्रासाठी मिठाची चकती दाबावी ती त्यांनीच. भट्टीत वाळवलेलं पोटॅशियम ब्रोमाइड, त्यात चिमूटभर नमुना. खलात घोटून काचेसारखी पारदर्शक चकती दाबायची. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून घोटताना ते तोंडावर रुमाल बांधतात.

मे महिन्यातल्या त्या दुपारी सुरभीच्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती. लेप दिलेल्या सिलिकाच्या पावडरीवर पाणी टिकत नाही, हा तिचा दावा. बाहेरगावच्या परीक्षकांना तो डोळ्यांसमोर पाहायचा होता. गुलाबभाऊंनी तिच्या नमुन्याची चकती दिली आणि यंत्राच्या पडद्यावरच्या रेघेत चौतीसशेच्या आकड्याजवळ टेकाड उभं राहिलं. तिथे टेकाड म्हणजे पाणी.

"चार वर्षं घालवलीत," परीक्षक म्हणाले, "आणि सिलिका तर चिंब आहे."

"सर, सकाळी आठ वाजता रेघ सपाट होती," सुरभी म्हणाली.

"सकाळी मी नव्हतो."

सुरभीचा चेहरा उतरला. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

गुलाबभाऊ मात्र कूलरकडे पाहत होते. पाहुण्याला शेहेचाळीस अंशांत बसवायचं ही वर्ध्यात बेअदबीच. म्हणून साडेदहाला त्यांनी स्वतः तो ढकलत आणला होता, वाळा भिजवून, दोन बादल्या पाणी ओतून. ओल्या वाऱ्याचा झोत पाहुण्याला लागत होता आणि वाटेत खलालाही. विभागप्रमुखांनी मागच्याच महिन्यात त्यांना हलगर्जीपणाची नोटीस दिली होती. आज ते परीक्षकांच्या शेजारीच खुर्ची अडवून बसले होते.

पेन कागदाला टेकलं.

"सर, लिहू नका. निस्त्या मिठाची चकती लावून पाहू."

"काय गरज आहे, गुलाब?" विभागप्रमुख कडाडले.

"पाणी मॅडमच्या पावडरीत नाई, साहेब. हवेत हाये. कूलर म्या लावला."

नुसत्या मिठाची चकती यंत्रात गेली. सिलिकाचा कणही नव्हता, तरी तेच टेकाड, जवळपास तेवढंच उंच.

गुलाबभाऊंनी कूलर बंद केला, बादलीसकट बाहेर नेला. मीठ तेवढं पुन्हा भट्टीत गेलं, नमुना होता तसाच ठेवला. दोन तास चौघं त्या खोलीत भाजत राहिले. परीक्षकांचा सदरा पाठीला चिकटला, विभागप्रमुखांनी नोटीस देण्याच्या दृष्टीने दोनदा घसा खाकरला. गुलाबभाऊंनी रुमाल बांधला, कपाळाचा घाम खलात पडू नये म्हणून मान मागे टाकून घोटलं.

रेघ आली. चौतीसशेपाशी सपाट.

सुरभी खुर्चीवर बसली, तेव्हा कुठे ती इतका वेळ उभीच होती हे कळलं. परीक्षक रेघेकडे बघत म्हणाले, "ठीक. आता तो कूलर आणा."

"सर, आधी सही," गुलाबभाऊ म्हणाले. "मंग आणतो."