बारीक होण्याचे वर्ग आणि माझं लहान आतडं

काहीच न करता माझं वजन उतरायला लागलं, तेव्हा दुसरी कुणी असती तर डॉक्टरकडे गेली असती. मी भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत बारीक होण्याचे वर्ग सुरू केले. तेव्हा पासष्टीची होते, म्हणजे अक्कल यायची होती. जुनी पोलकी अंगात शिरली या आनंदात शेजारच्या पद्माला आणि तिच्या जावेला गच्चीवर बसवून सांगायची, "रात्री नुसतं ताक. सकाळी कडक भाकरी, ती पण सावकाश चावून." त्या दोघी बिचाऱ्या भाकरी चावत बसल्या. दात दुखले, वजन ढिम्म.

माझं पोट जेवल्यावर टम्म फुगायचं, जुलाब व्हायचे. ते वर्गात सांगत नसे. शेंगाचटणी सुटेना म्हणून ॲसिडिटीची गोळी मात्र रोज घ्यायची, कुणाला न विचारता, वर्षानुवर्षं.

एक दिवस भाजी घेऊन आले. सून सुरेखा दारातच म्हणाली, "आत्या, दुसरी चप्पल कुटं हाय?"

खाली पाहिलं. एक पाय अनवाणी होता आणि त्या पायाला त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा घाबरले.

रक्तात बी-१२ फारच कमी निघालं. ते कमी पडलं की नसा बधिर होतात. एंडोस्कोपी, सोनोग्राफी ठीक. मग पोटाच्या डॉक्टरांनी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट सांगितली. आदल्या दिवशी साधा भात, रात्रीपासून पोट रिकामं. सकाळी गोड पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायचं. लहान आतड्यात जंतू जास्त असले तर ते साखर खाऊन गॅस करतात, तो श्वासात येतो. दुखत काही नाही, बाकावर बसून कंटाळा तेवढा येतो.

डॉक्टर म्हणाले, "आजी, याला सिबो म्हणतात. स्मॉल इंटेस्टायनल बॅक्टेरियल ओव्हरग्रोथ. मोठ्या आतड्यात असायचे तेवढे जंतू तुमच्या लहान आतड्यात वाढलेत. तुमचं जेवण आणि बी-१२ आधी तेच खातात. रोजच्या गोळीनं ॲसिड कमी झालं, त्यानंही त्यांचं फावलं असेल."

"आणि पाय?"

"इंजेक्शनं देऊ. काही महिने वाट बघू. खात्री देत नाही."

दोन आठवडे रिफॅक्झिमिन घेतलं. हे आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद झाली. तुम्ही घेत असाल तर विचारूनच बंद करा, माझ्यासारखा मनाचा कारभार नको. पोट उतरलं, वजन वाढायला लागलं. हे दुखणं उलटू शकतं, म्हणून तपासणीला जाते.

पद्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे अक्का, आमी आजाराचा क्लास लावला व्हता की."

पाय मात्र गप्पच होते. इंजेक्शनं चालू होती. रोज फरशीवर अनवाणी उभी राहायची आणि काहीच कळायचं नाही. कापूस बांधल्यासारखं वाटायचं.

परवा चहा करायला गेले. ओट्याखाली साखर सांडली होती. मी सवयीनं करवादले, "सुरेखा, झाडत जा की जरा, पायाला खरखर लागतंय."

ती केरसुणी घेऊन आली आणि तशीच थांबली.

"झाडते की आत्या. पर आदी दुसरा पाय ठिवून सांगा, त्याला बी लागतंय का?"