काकूच्या हातावरच्या तीन पट्ट्या

काकांना नगरला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं, बाबा तिकडं बाहेर बसून होते, आणि नेवाशाला घरी काकू आणि मी फोनची वाट बघत होतो. गाईची धार कोण काढणार, म्हणून काकू मागं राहिलेली. तिचं मन रमावं म्हणून मी तिच्या हाताला वायरी लावल्या, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे माझा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट अडला होता आणि मला एक हात हवा होता.

काम तसं साधं. स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज उठते. दोन चिकट पट्ट्या स्नायूवर लावायच्या, तिसरी कोपराच्या हाडावर. त्यांच्या वायरी एका चिपला जातात, चिप विजेचे आकडे करते आणि लॅपटॉपवर रेघ उमटते. माझी रेघ ढिम्म हलत नव्हती. काकू मूठ आवळून दमली. "माझ्यात करंटच न्हाई बघ," म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. काकू दचकली. प्रोजेक्टमधली मैत्रीण होती. वायरींना काही घासतंय का, तिनं विचारलं. मग म्हणाली, गेन वाढव, म्हणजे चिप सिग्नल मोठा करून घेईल. मी म्हणाले, "हो, काकूच्या हातात बांगड्या आहेत. बरं, वाढवते."

आमच्याकडं बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. नवरा गेला की बाईच्या बांगड्या वाढवतात. हे मला काकूनंच शिकवलेलं, लहानपणी, चापट मारून. पण शिकलेल्या गाढवाला वेळेवर काही आठवत नाही.

मी गेन वाढवला आणि रेघ उसळली. "आलं, काकू, आलं! अशीच धर, सोडू नकोस."

तिनं हळूच विचारलं, "कवा गेले?"

"कोण?" मी म्हणाले. नजर रेघेवरच.

मग वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी गेन, चिप असं काहीबाही बरळले, तिला पटेना. शेवटी बाबांना फोन लावून दिला, काका ठीक आहेत हे त्यांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा कुठं ती रडली.

काका खडखडीत बरे झाले, आणि हा किस्सा हसून सांगतात. मला अजून लाज वाटते. शब्द कुणाचाही चुकेल. पण नवरा गेला असं समजूनही ती बाई, मी म्हणाले म्हणून, मूठ आवळून बसली होती, आणि मी रेघ बघत होते.