गाडीमागे ओतलेलं पाणी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कतारमधल्या मेसईदच्या खताच्या प्लांटमध्ये मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. अलार्म वाजला की आम्ही सेन्सर तपासतो, भूत नाही!

गेल्या ईदच्या सुट्टीत आम्ही तिघं - मी, बायको सायली आणि सहा वर्षांची इरा - दोह्याहून तुर्कस्तानला गेलो. इस्तंबूलची गर्दी नको म्हणून मीच किरशेहिर हे आडबाजूचं गाव शोधून काढलं. समुद्रापासून लांब, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही... उतरलो होतो एमिने नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी. भाषा कळत नव्हती, पण इराला त्या जवळ बसवून भरवायच्या.

शेवटच्या दिवशी सकाळी इरा तापानं फणफणली. आता अंकाराचं मोठं हॉस्पिटल गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. गाडी सुरू केली, तर एमिनेबाई तांब्याभर पाणी घेऊन ते गाडीमागे ओतायला उभ्या! माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे पाणी सांडत फिरतात ते चितेभोवती. उतरून मी त्यांच्या हातातला तांब्या हिसकावला आणि पायरीवर आपटला.

"अरे, निदान येतो तरी म्हण," सायली म्हणाली. मी तेही म्हटलं नाही.

मॅपवर सरळ हायवे होता. वीस मिनिटांनी समोर लाल छताची बेकरी आली - एमिनेबाईंच्या गल्लीच्या तोंडावरची. वळण चुकलं असेल म्हणून पुन्हा निघालो. पुन्हा तीच बेकरी... तिसऱ्या वेळी मी एकही वळण घेतलं नव्हतं, शप्पथ! लख्ख ऊन पडलेलं, आणि मॅपवरचा ठिपका अंकाराकडे सरकतोय. चकव्याच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसलो होतो. आता गाडी कडेला घेऊन थांबलो.

"बाबा, शी इज स्टिल वेटिंग," इरा डोळे मिटूनच पुटपुटली.

सायलीला रडू फुटलं. "हिला काही झालं तर मी तुला माफ करणार नाही. चल, त्यांच्या पाया पड."

एमिनेबाई फाटकातच उभ्या होत्या. हातात भरलेला तांब्या. मी वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. गाडी निघाली तसा मागे पाण्याचा आवाज आला. बेकरी पुन्हा दिसली नाही. दुपारी हॉस्पिटलात पोचलो. साधा व्हायरल होता, दोन दिवसांत उतरला.

प्लांटवरच्या तुर्की सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो हसला. "प्रवाशामागे पाणी ओततात आमच्याकडे. पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या."

"आणि परत यायचंच नसेल तर?"

"असं कुणी विचारत नाही," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

मागच्या महिन्यात सायली आणि इरा नाशिकला होत्या. दोह्यात मदिनत खलीफा भागातल्या आमच्या घरी मी एकटाच. सकाळी कंपनीच्या बससाठी दार ओढून घेतलं आणि मागे तोच आवाज आला. वळून पाहिलं... उंबरा ओला, आणि पाण्याचा ओघळ माझ्या बुटांपर्यंत आलेला. एसीचा पाइप घराच्या मागच्या बाजूला आहे, टाकी गच्चीवर. सगळं तपासलं. गळती कुठेच नाही.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी इराचा फोन आला.

"बाबा, व्हेन आर वी गोइंग बॅक?"

"तिकीट काढलंय की बाळा, शुक्रवारी दोह्याला यायचंय."

"नो. टू एमिने आजी. शी केम टू कॉल यू बॅक टुडे."

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. घरातून निघताना मी आता न चुकता "येतो" म्हणतो. पण कुणाला म्हणतो, ते सायलीला सांगायची हिंमत होत नाही.