प्रमोदचं नाक, विनोदचा फोटो

प्रमोदच्या CT चा फोटो मी उजेडावर धरला आणि ताडकन खुर्चीतून उठले. नाक साफ! गाल-कपाळाच्या हाडातल्या पोकळ्या, ज्यांना सायनस म्हणतात, त्याही लख्ख. मागच्या आठवड्यात मी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा तिथे पॉलिप गच्च भरलेले होते. पॉलिप म्हणजे सुजलेल्या अस्तराचे लोंबते गोळे, द्राक्षांसारखे. माझ्या औषधांनी एवढी कमाल केली? मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता.

"ऑपरेशन कॅन्सल!" मी जाहीर केलं. "प्रमोद, घे बरं नाकाने श्वास."

"बॅडब, दाक तं बंदच हाये," प्रमोद म्हणाला. इतकं बंद, की म आणि न सुद्धा बाहेर पडेनात.

मी दुर्बीण घातली. सगळे पॉलिप जागच्या जागी. शेजारी त्याचा जुळा भाऊ विनोद छताकडे बघत उभा. तेच तोंड, त्याच मिशा.

"विनोद, मशीनमध्ये कोण झोपलं होतं?"

"मी."

"काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"त्याले मशीनीचं लय भेव लागते. आमी जुळे हाओत मॅडम, मायलेबी वळखू येत नाही कोन कोनता. म्हटलं, नाक तं एकच असन!"

आधी मी भडकले. मग जे हसू फुटलं, ते थांबेचना. शोभा सिस्टर पाणी घेऊन आल्या आणि ऐकून त्याही हसत खाली बसल्या.

पण प्रकरण हसण्यावारी न्यायचं नव्हतं. प्रमोद शेलूबाजार-वाशीम जीप चालवतो. मी दोघांना समजावलं. डोळ्याच्या खोबणीतून एक बारीक धमनी निघते आणि नाकाच्या छताशी आडवी जाते. बऱ्याच जणांची हाडात दडलेली असते. काहींची मात्र खाली लोंबते, कपडे वाळत घालायच्या तारेसारखी. ज्याची त्याची कुठे आहे, ते ज्याच्या त्याच्या फोटोतच कळतं. ऑपरेशनमध्ये ती तुटली, तर तिचं टोक खोबणीत ओढलं जातं. आत रक्त साठतं, डोळ्यावर दाब येतो, नजर जाऊ शकते.

"बग जीप?" प्रमोदने विचारलं.

"मग तू मागच्या सीटवर."

प्रमोद त्याच दिवशी मशीनमध्ये शिरला. विनोद दाराबाहेरून ओरडत होता, "पम्या, डोये मिट! झालंच समज!"

नवा फोटो आला. डावीकडची धमनी शहाण्यासारखी हाडात. उजवीकडची छत सोडून चांगली खाली लोंबलेली. विनोदच्या मात्र दोन्ही हाडात. एक आई, एक दिवस, एक तोंड, आणि नाकातलं घर निराळं! दोन्ही फोटो शेजारी लावून मी अक्षरशः नाचले.

"मॅडम, पेशंटचा जीव टांगणीला लागलाय," आमचे भूलतज्ज्ञ देशमुख सर म्हणाले.

"जीव नाही सर, धमनी!"

ऑपरेशनच्या वेळी शोभा सिस्टरना एकच काम दिलं. उजवा डोळा बघायचा, जरा फुगला की ओरडायचं. पॉलिप निघत गेले आणि स्क्रीनवर ती धमनी दिसली, उघड्यावर, ठोके देत. फोटोत होती तिथेच. "बाई गं, सापडलीस!" मी मोठ्याने म्हणाले. तिला मधे तशीच ठेवून पुढून-मागून सफाई केली. सिस्टर शेवटपर्यंत ओरडल्या नाहीत.

प्रमोद शुद्धीवर आला, तेव्हा विनोद कॉटच्या पायथ्याशी उभा होता. मी प्रमोदचा डावा डोळा हाताने झाकला.

"उजव्याने काय दिसतं?"

त्याने डोळा बारीक करून कॉटच्या पायथ्याकडे पाहिलं.

"मीच उभा हाये समोर," तो म्हणाला. "अन् येड्यावानी रडून राह्यलो."

तेव्हापासून CT ला पाठवताना मी प्रत्येक पेशंटला बजावते, नाक स्वतःचंच घेऊन जा.