‘भाऊ आहे, हेही लिहा’

फोन आला तेव्हा मी मूल गावच्या बाजारात लाखोळीची डाळ घेत होते. “मास्तरीणबाई, नर्सबाई गेल्या,” एवढं बोलून पलीकडची बाई रडायला लागली. दुपारी जेवून खुर्चीत टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. दुकानदार विचारत होता, “किती देऊ?” आणि मी काय घ्यायला आले होते तेच मला आठवेना... त्याला आता दीड महिना झाला. नर्सबाईंबद्दल, म्हणजे शांताबाईंबद्दल, या दिवसांत जे छापून आलं, त्यात त्या फार सौम्य, मायाळू वगैरे दिसतात. मायाळू होत्याच. पण त्यांच्यासोबत काम करणं म्हणजे कायम धास्तीत राहणं होतं, हे कोणीतरी लिहायला हवं.

उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांनी धानाच्या पट्ट्यातली गावं सायकलीवर पालथी घातली. बायकांच्या जखमा बांधताना विचारायच्या, “कशानं झालं?” उत्तर ठरलेलं, विहिरीवर पाय घसरला. “आपल्या इकडच्या विहिरी लई वाईट,” त्या मला म्हणायच्या, “फक्त बायाच पाडते.” नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं की मार खाऊन निघालेल्या बाईला टेकायला एक घर असलं पाहिजे. जागा दिली त्यांच्या धाकट्या भावाने. वसंतभाऊंची एक बंद पडलेली राइस मिल होती, तिच्यामागच्या तीन खोल्या. समाजात त्यांना मोठा मान, विहाराच्या कार्यक्रमात पहिली खुर्ची त्यांची. उद्घाटनाची फीत त्यांनीच कापली आणि तो फोटो मोठा करून पहिल्या खोलीत लागला. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बायकांचे अर्ज लिहून द्यायची. दारू पिऊन नवरे यायचे, फाटकावर दगड मारायचे. वसंतभाऊंचं नाव घेतलं की परत जायचे. त्या नावाचा आम्हाला आधार वाटायचा, हे खरं आहे.

मग एका पावसाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांची, भामरागडच्याही पलीकडची. तिचं खरं नाव लिहीत नाही, तिनं स्वतः निवडलेलं लिहिते... जैनी. बोली माडिया, मराठी तुटकी. पुरामुळे तिकडचे रस्ते बंद, त्यामुळे घरी जायची सोय नव्हती. बाईंनी तिचा हात धरून आत आणलं. पहिल्या खोलीच्या उंबऱ्यावर ती थांबली. समोरच्या फोटोकडे बघितलं आणि मागे सरकली, थेट अंगणात, पावसात. बाईंनी फोटोकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “हा?” एवढंच विचारलं. जैनीने मान हलवली. ती वसंतभाऊंच्या घरी धुणीभांडी करायला राहिली होती, तिथूनच पळून आली होती.

त्या दिवशी मी काय बोलले ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मी बाईंना बाजूला नेलं. म्हटलं, पाणी ओसरलं की पोरीला गावी पोचवू. वसंतभाऊंना तुम्ही घरात समज द्या. हे घर गेलं तर आत सहा बायका आहेत, त्या कुठे जातील? बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“मंग त्या सहा जणींले काय सांगू, मास्तरीणबाई? तुमचे नवरे वाईट अन् माहा भाऊ चांगला?”

त्यांनी फोटो काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि जैनीला घेऊन एसटीने तालुक्याच्या ठाण्यात गेल्या. मीही गेले, पण मनातून मागे ओढत. जैनीचं बोलणं कळायला माडिया जाणणारी अंगणवाडीसेविका शोधून आणली, तोवर चार तास बाई बाकावर ताठ बसून होत्या. जबाब लिहिताना हवालदाराने पेन थांबवलं. “बाई, सख्ख्या भावाविरुद्ध? विचार करा.”

“केला. तुम्ही लिहा. भाऊ आहे, हेही लिहा.”

अटक व्हायच्या आधी, दुसऱ्या दिवशी दुपारीच, वसंतभाऊ दोन माणसांना घेऊन आले. मागे त्यांची बायको, सुलोचनावहिनी, डोक्यावर पदर घेऊन. बाई फाटकात उभ्या राहिल्या. आतून बायकांनी दाराला पलंग लावला होता, मी खिडकीतून बघत होते.

“ताई, लोक हासून राह्यले. माही अब्रू तूच काढून राह्यली? हे घर कोनाचं आहे?”

“घर तुह्यं आहे, वसंता. पोरगी तुही नाई.”

“मंग खाली कर घर!”

“करतो. आजच करतो. पन तिच्या अंगाले हात लावशीन तर आधी मले पाडा लागन.”

भावाने हात उगारला. तो हात खाली कसा आला, कोणामुळे, मला आजही सांगता येत नाही. संध्याकाळच्या आत ट्रॅक्टरमध्ये भांडी, गाद्या, सहा बायका आणि जैनी, असं घर निघालं. विहाराच्या मंडळाने जागा नाकारली. पुढच्या गावातल्या एका विधवेने गुरांचा गोठा झाडून दिला आणि त्या पावसाळ्यात तेच आमचं घर होतं. नंतर बाईंनी सासरकडून वाट्याला आलेल्या बांधीत, म्हणजे भातशेतात, धान लावणं बंद करून, आजचं घर उभं केलं. जैनीने साक्ष दिली. बाईंनीही दिली. शिक्षा झाली, वरच्या कोर्टात अपील गेलं, वसंतभाऊ जामिनावर सुटून आले. भावाबहिणीची बोलचाल पुन्हा झाली नाही. राखीच्या दिवशी बाई कोणाशीच बोलत नसत.

बाईंच्या अंत्यविधीला वसंतभाऊ आले होते. रस्त्यावरच थांबले. जैनी आता गडचिरोलीकडे नर्स आहे, तिनं खांदा दिला.

मागच्या आठवड्यात सुलोचनावहिनी बाईंच्या घरी आल्या. हातात कापडी पिशवी, गालावर जुन्या डागाशेजारी नवा काळानिळा डाग. “मले तवाच माहीत होतं,” फाटकातच म्हणाल्या. “मी पाह्यलं होतं. बोलली नाई.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोर्टात काऊन नाही आलात, हे अगदी ओठांवर आलं होतं.

पण बाईंची एक रीत होती. आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काही विचारायचं नाही. स्वयंपाकघरात न्यायचं, भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करून बसवायचं, म्हणजे कोण आत येतंय ते तिला दिसतं. आणि वाढायचं. मी पाट सरकवला. वहिनी खाली मान घालून जेवल्या.

दुपारी जैनीला फोन केला. सगळं सांगितलं, म्हटलं, तू नाही म्हणालीस तर मी त्यांची दुसरीकडे सोय करीन. मग तिनं विचारलं,

“जेवली का ती?”