नाशिकला राहायला शिकवताना

असे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. ते धुवायच्या कपड्यांसारखे साठतात. एकेक करून टोपलीत टाकत जावं आणि एक दिवस बघावं, तर टोपलीचं झाकण लागत नाही! आता चार मैत्रिणी जमल्या की चहा यायच्या आधी फर्माईश सुरू होते, "ए, तुझ्या त्या पुरवणीतलं काहीतरी सांग ना." त्यांना हसायला येतं. मला तेव्हा डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षं मी नाशिकच्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी सांभाळली. कुठे फिरायला जावं, घर कसं सजवावं, सण-समारंभ कसे करावेत, हे लोकांना सांगायचं, एवढंच तिचं काम. कल्पना आमच्या संपादकांची, पाठक सरांची. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मॅडम, नाशिक मोठं होतंय. त्याला आता नीट राहायला शिकवलं पाहिजे!"

मी तेव्हा सिडकोत दोन खोल्यांत राहत होते. नवरा, मुलगी, सासूबाई आणि सासूबाईंची लोखंडी कॉट. नीट कसं राहतात ते आधी मलाच कोणीतरी शिकवायला हवं होतं. पण लिहायचं मला होतं!

*

दिवाळीच्या अंकात मी लिहिलं की नवं फर्निचर परवडत नसेल तर सोफ्यावर नुसत्या दोन-तीन रंगीत उशा टाका, खोली बदलून जाते.

छापताना 'उशा'च्या जागी 'उषा' झालं. एकदा नाही, लेखभर!

"सोफ्यावर दोन-तीन रंगीत उषा टाका. उषा जुनी झाली की घर उदास दिसतं. अशी उषा लगेच बदला."

सोमवारी सकाळी फोन. "घर सजवणाऱ्या मॅडम तुम्हीच का? मी सातपूरहून उषा बोलतेय."

मी सॉरी म्हटलं. त्या भडकल्या. "सॉरी काय? आमच्या ह्यांनी ते कापून फ्रिजवर चिकटवलंय! आल्या-गेल्याला वाचून दाखवतात!"

पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती छापते, असा मी शब्द दिला. चौकट स्वतः लिहिली, स्वतः तपासली. माझ्यानंतर कोणीतरी ती पुन्हा 'तपासली'. रविवारी छापून आलं, "गेल्या अंकात 'उषा' ऐवजी चुकून 'उषा' असे छापले गेले. क्षमस्व."

सोमवारी पुन्हा फोन. आवाज थकलेला. "मॅडम, आता राहू द्या. दोन्ही फ्रिजवर आहेत."

*

'आठवड्याचं घर' हे आमचं लाडकं सदर. एका वाचकाच्या घरी जायचं, बैठकीचा फोटो घ्यायचा आणि त्यांच्या आवडीनिवडीबद्दल चार गोड वाक्यं लिहायची.

एकदा कॉलेज रोडवरच्या एका अपार्टमेंटमध्ये गेलो. नीलिमाताई म्हणून होत्या. बैठक बघून मी आणि आमचा फोटोग्राफर बबन दारातच थांबलो. गालिचा काय, उभा दिवा काय, शिसवी टीपॉय काय! मी भरभरून लिहिलं, 'एकेक वस्तू वर्षानुवर्षं निवडून जमवलेली.'

सोमवारी त्याच अपार्टमेंटमधल्या तीन बायका ऑफिसात हजर. हातात पुरवणी. पहिली म्हणाली, "हा गालिचा माझा." दुसरी म्हणाली, "दिवा माझा. दुपारपुरता नेला होता." तिसरी फोटोतल्या टीपॉयवर बोट ठेवून उभी.

मी कपाळाला हात लावला. बबनला मात्र राहवेना. "मग त्या घरात त्यांचं स्वतःचं काय होतं? भिंत?"

गालिचावाल्या बाई फणकारल्या, "भिंतसुद्धा अर्धी माझी आहे! कॉमन आहे ती!"

*

मग सरांना शहर पायी बघायची हुक्की आली. दर रविवारी सकाळी वाचकांना घेऊन जुन्या नाशकातून फिरायचं. रविवार कारंज्यावर जमायचं, भांडी बाजारातून खाली उतरायचं, घाटावर संपवायचं. सरांनी त्यासाठी खास शिटी विकत घेतली.

पहिल्या रविवारी चांगली गर्दी जमली. सर शिटी वाजवून ओरडायचे, "वरती बघा! सज्ज्याचं कोरीवकाम बघा!" सगळे वर बघायचे. खाली शेण असायचं. एका निवृत्त प्राध्यापकांच्या नव्या बुटांचं जे झालं, त्याबद्दल त्यांनी मलाच जबाबदार धरलं. शेवटी सगळ्यांचा मूड सुधारावा म्हणून सरांनी जवळच मिसळ खायला नेलं.

चूक तिथेच झाली.

पुढच्या रविवारी कारंज्यावर सर आणि मी, दोघंच. बबन स्कूटरवरून सांगत आला, "सगळे मिसळीच्या दुकानात बसलेत. म्हणाले, चालायचं कशाला, इथेच भेटू!"

सर संतापले. "मी आणतो एकेकाला बाहेर!" शिटी माझ्या हातात देऊन ते तरातरा निघून गेले. मी येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षावाल्यांच्या नजरा झेलत शिटी धरून उभी. सर परत येईनात. शेवटी वैतागून मीच गेले.

सर कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेले. कपाळावर घाम, नाकातून पाणी, दुसरा पाव संपत आलेला. मला बघून त्यांनी बोट वर केलं. "मॅडम, वारसा म्हणजे फक्त दगड-विटा नव्हेत!"

*

भटकंतीचं सदरही माझ्याच गळ्यात होतं. पेठ रस्त्याला एका ओढ्यात छोटा डोह आहे, वर आंब्याची सावली. एकदा आम्ही घरचे सगळे तिथे जाऊन आलो आणि मला फार बरं वाटलं. त्या भरात मी लिहून बसले, 'जिथे फक्त पाण्याचा आवाज येतो.' पत्ता, वळण, बस कुठे थांबते, सगळं सविस्तर.

दहा-बारा दिवसांनी एक शेतकरी ऑफिसात आला. धोतर, टोपी, चेहरा लालबुंद. डोहाला लागूनच त्याचं शेत. नाव काशिनाथ.

"बाई, तुमीच लिवलं ना, तिथं फक्त पान्याचा आवाज येतो म्हनून?"

मी मान हलवली.

"मंग चला. बसा तिथं आन दावा मला कुटं येतो आवाज! समदं नाशिक आलंय. टेप लावत्यात, माज्या टमाट्यात किरकेट खेळत्यात! म्हशीनं दोन दिस दूध नाय दिलं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला बसवलं, चहा पाजला, हात जोडले. 'ती जागा खासगी शेतांलगत आहे, कृपया जाऊ नये', असं ठळक अक्षरात छापलं. लोक ऐकतात कसले! पण हळूहळू कंटाळले आणि गर्दी ओसरली, असं बबनकडून कळलं. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी काशिनाथ पुन्हा दारात. या वेळी हातात टमाट्यांची पिशवी. मला वाटलं आभार मानायला आलाय.

पिशवी टेबलावर ठेवून तो घुटमळला. "बाई, घरवालीनं तिथं भज्यांची गाडी लावली व्हती. लय चालली. आता कोनी येत नाय." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "परत येकडाव लिवा ना, लय शांत हाय म्हनून!"

*

कुठल्याशा परदेशी मासिकात सरांनी गोणपाटाचे पडदे बघितले आणि आमचं मरण ओढवलं. "मॅडम, लासलगाव इतकं जवळ! कांद्याच्या गोण्यांना काय तोटा? आणि आपण पडदे मुंबईहून आणतो!"

प्रयोगाला एकही वाचक तयार होईना. म्हणजे घर कोणाचं? माझं!

गोण्या आल्या. धुतल्या, पुन्हा धुतल्या, गच्चीवर वाळवल्या. त्यांना मी लाल काठ लावले, पडदे टांगले, बबनने फोटो काढले. फोटो खरोखर सुंदर आले. फोटोला वास नसतो!

घराला होता. मुलगी नाकाला रुमाल लावून अभ्यास करायची. नवरा ऑफिसातून उशिरा यायला लागला. सासूबाई पहिले दोन दिवस बोलत होत्या. नंतर बोलायच्या थांबल्या, ते जास्त भीतीदायक होतं. सरांचा हुकूम होता, "महिनाभर काढू नका. बघायला लोक येतील."

लोक आले खरे. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ, हातात रिकामी पिशवी. आमचं घर तळमजल्याला, खिडकी रस्त्याकडे. त्यांनी आत डोकावून विचारलं, "ताई, कांदा काय भाव लावला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "आधी किती हवेत ते विचार! किरकोळ देत नाही म्हणावं!"

*

सरांच्या एका कल्पनेला मात्र मी सुरुवातीपासून विरोध केला होता. ज्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्यांचं मुलांनी पुन्हा लग्न लावावं. त्याच मुंडावळ्या, तोच अंतरपाट, तेच सनई-चौघडे. मी म्हटलं, "सर, म्हाताऱ्या माणसांना कशाला छळायचं?" सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सोहळा कळत नाही." लेख छापून आला.

मखमलाबादच्या दत्तूशेटनी तो वाचला. त्यांची फुलशेती होती, शिवाय फुलांचा व्यापार. आई-वडिलांच्या लग्नाची पन्नाशी आली होतीच. त्यांनी गंगापूर रोडवरचं लॉन्स घेतलं, सगळ्या गावाला जेवण सांगितलं आणि आम्हालाही पहिल्या रांगेत बसवलं. "मॅडम, आयडिया तुमची!" ते दर पाहुण्याला सांगत होते. मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं.

म्हातारे रामभाऊ फेटा बांधून उभे. समोर पार्वताबाई, हिरवी नऊवारी, कपाळावर मुंडावळ्या. चेहऱ्यावर काहीच नाही. मध्ये अंतरपाट, तो दोन नातवांनी धरलेला. मंगलाष्टकं झाली. सगळ्यांनी अक्षतांच्या मुठी उचलल्या. बबन कॅमेरा डोळ्याला लावून तयार. गुरुजींनी शेवटचा 'सावधान' म्हणायला श्वास घेतला.

"थांबा," पार्वताबाई म्हणाल्या.

वाजंत्री थांबली. दत्तूशेट धावत पुढे आले. "काय झालं, आई? चक्कर आली का?"

"चक्कर नाय. मागल्या टायमाला मला कोनी इचारलं नव्हतं. बापानं सांगितलं, हुबी राह्यले. आता परत लगीन लावताय, तर आधी इचारा."

लोक हसले. पार्वताबाई हसल्या नाहीत. दत्तूशेट हळू आवाजात विनवायला लागले, "आई, असं काय करती? समदं गाव बघतंय. पंगत खोळंबलीय, जेवण थंड होईल."

"होऊ दे. पन्नास वर्सं मी थंडच खाल्लं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. गुरुजी पोथी मिटावी की उघडी ठेवावी या विचारात.

अंतरपाटाच्या पलीकडे रामभाऊ खाकरले. आवाज जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत आला.

"पार्वते... नांदशील का माज्याकडं?"

पार्वताबाईंनी पदर सारखा केला.

"इचार करून सांगते," असं म्हणून त्या पाटावर खाली बसल्या.

सगळ्यांच्या अक्षता मुठीत तशाच. अंतरपाट धरलेल्या नातवांचे हात भरून आले, पण तो खाली घ्यायला कोणी धजेना. तेवढ्यात पलीकडून पाट सरकवल्याचा आवाज झाला, आणि रामभाऊ म्हणाले,

"बसलोय मी हितं. कर सावकास."