मोटारीचा नैवेद्य

नीळकंठ मोटार हाकायचा, पण धारच्या बाजारात त्याची ओळख 'उलटा नीळकंठ' अशी झाली होती. आता माणूस उलटा नव्हता हो, चांगला सरळ नाकाचा होता. उलटी चालायची ती मोटार.

लढाई संपून वर्ष झालं होतं. जहागीरदार यशवंतरावांनी ती मोटार कुणा गोऱ्या साहेबाकडून जुनीच घेतलेली. दसऱ्यापर्यंत बरी पळाली. दसऱ्याला तिची पूजा झाली, झेंडूच्या माळा घातल्या, आणि पुढच्याच आठवड्यात या मोटारबाईसाहेबांना धाप लागली. सपाटीवर ठीक. किल्ल्याच्या चढाला लागली, की दोन आचके देऊन गप्प! खाली सरकवून थोडं थांबलं, की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. शेवटी नीळकंठ तिला वळवायचा आणि पाठीकडून चढवायचा. उलटी बरी चढायची. यशवंतराव आत मिशीला पीळ देत बसलेले, तोंड उताराकडे, आणि मोटार चाललीय वर!

पानवाला शालिग्राम दुकानातून ओरडायचा, "कई भिया, आज भी सरकार को उलटा ले जावेगो कई?"

नीळकंठ हसायचा, पण त्याचं चित्त देवासला असायचं. बायको मालन बाळंतपणाला माहेरी, देवासला गेली होती. मुलगी आठ महिन्यांची झाली, बापानं तिला एकदाच पाहिलेलं. देवासला दत्तोपंतांनी मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला होता आणि नीळकंठसाठी जागा धरून ठेवली होती, पण देवदिवाळीपर्यंतच. त्यानं हात जोडून सरकारांना विचारलं, तर ते म्हणाले, "ज्या दिवशी मोटार मला घेऊन सरळ तोंडानं चढ चढेल, त्या दिवशी तू मोकळा. मोडकी मोटार माझ्या गळ्यात बांधून जाऊ देणार नाही."

झालं! सुटकेची किल्ली त्या धापा टाकणाऱ्या मोटारीच्या पोटात.

मग काय, नीळकंठनं तिचं एक हाड म्हणून जागेवर ठेवलं नाही. प्लग काढून घासले. कार्बुरेटर उघडून पुसला. पेट्रोलच्या नळीत तोंडानं फुंकलं, तर नळी साफ! चार दिवस रॉकेलचा वास जेवणाला. एवढं करून चढावर पुन्हा तेच. इंजिनात दम आहे, मग पेट्रोलच कुठंतरी अडतंय, हे त्याला कळत होतं. पण टाकीवर त्यानं कधी संशय घेतलाच नाही. का? तर महूच्या छावणीतून आलेला पेट्रोलचा डबा तो स्वतः हरणाच्या मऊ कातड्यातून गाळून ओतायचा. "माझ्या टाकीत कचरा? शक्यच नाही." पुरुषाला आपल्या हातच्या कामाचा असा गर्व असतो ना, तिथंच बरोबर खडा लागतो.

देवदिवाळीला सहा दिवस उरले, तेव्हा गर्व गेला. मंगळवारी सकाळी पुढची गादी उचलून त्यानं टाकी सोडवली, पेट्रोल उपसलं आणि टाकी अंगणात पालथी केली. आतून खुळखुळत बाहेर आले तांदूळ. मूठभर! काहींवर अजून कुंकू होतं.

तो बघतच राहिला. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. यशवंतरावांच्या आईसाहेब, उमाबाई, पूजेचं तबक घेऊन उभ्या.

"अगं बाई, पोट का फाडलंस रे तिचं?"

"आईसाहेब, हे तांदूळ..."

"अक्षता आहेत त्या. दर मंगळवारी चिमूटभर घालते मी, तू जेवायला गेलास की."

"टाकीत?"

"मग कुठं? चाकाला हळद, दिव्याला कुंकू, ते ठीक. पण नैवेद्य तोंडात नको द्यायला? तू तिला तिथूनच पाजतोस ना? तुझं दैवत तीच, आणि तू आता एवढ्या लांब देवासला जाणार, म्हटलं वाटेत सुखरूप राहू दे लेकराला."

नीळकंठला हसू आलं आणि रडूही. चढावर हे तांदूळ मागं घरंगळून नळीचं तोंड बुजवायचे, उलटी मोटार केली की पुढं सरकायचे. त्याची वाट अडवली होती ती त्याच्याच प्रवासाच्या आशीर्वादानं.

"सरकारांना सांगू नकोस हो," उमाबाई कुजबुजल्या. "जन्मभर चिडवेल मला."

त्यानं नाही सांगितलं. टाकी धुतली, पेट्रोल ओतायच्या तोंडाशी पितळेची बारीक जाळी कथलाचा डाग देऊन पक्की बसवली आणि दुपारी सरकारांना बसवून निघाला. मोटार चढ अशी चढली, की शालिग्रामचा चुना हातातच वाळला.

माथ्यावर यशवंतराव उतरले. नीळकंठच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! ही तर नवी झाली."

"मग सरकार, मी उद्या निघू?"

"निघू? वेडा का काय? बिघडली होती तेव्हा वाटत होतं, कुणीही चालवेल. असा हात कोण सोडतो? दत्तोपंतांना मी कळवतो, तू काळजी करू नकोस."

काळजी करू नकोस म्हणे!

दुसऱ्या सकाळी नीळकंठ मोटार पुसत होता, पुसलेलाच पत्रा पुन्हा पुसत होता. उमाबाई हळूच आल्या. मूठ मिटलेली.

"ऐकलं मी सगळं. शब्द मोडला त्यानं." इकडंतिकडं बघून त्यांनी गादीकडे मान उडवली. "घालू का रे?"

"आत जाणार नाहीत, आईसाहेब. जाळी डागलीय मी."

"मग काढ की जाळी!"

नीळकंठनं गादी उचलली. टाकीचं झाकण फिरवलं. जाळी चकचकत होती, कडेनं डाग कसा एकसारखा बसलेला. बोटानं त्यानं ती कड एकदा चाचपली. पकड हातात घेतली, धरली, खाली ठेवली. झाकण लावलं.

"नाही होत, आईसाहेब. आत्ताच तर बरी झालीय ती."

"आणि तुझी मालन?"

त्यानं गादी पुन्हा जागेवर बसवली. उमाबाईंनी मूठ उघडली आणि अक्षता त्याच्याच डोक्यावर टाकल्या. ओसरीवरून यशवंतरावांची हाक आली, "नीळकंठ! पाहुणे आलेत इंदूरचे. चल, चढ दाखवू त्यांना!"

केसांतले तांदूळ न झटकताच तो पुढं गेला, वाकला आणि हँडल फिरवलं. पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली, मेली.